हळदीतील अतिरिक्त गुणसूत्रे

हळद (शास्त्रीय नाव : कुर्कुमा लाँगा) या आर्द्रक कुलातील मसाल्याच्या वनस्पतीच्या प्रत्येक कायिक पेशीत सर्वसाधारणपणे ६३ गुणसूत्रे (रंगसूत्रे) असतात. ही गुणसूत्रे प्रत्येकी २१ च्या तीन संचांत मांडता येतात, म्हणून हळदीला त्रिगुणित वनस्पती म्हणतात. लैंगिक प्रजनन करणाऱ्या सजीवांत एक संच मातेकडून व एक पित्याकडून असे दोन संच येणे ही सर्वसामान्य व्यवस्था होय. हळदीत त्याखेरीज आणखी एक पूर्ण संच आहे. हा तिसरा संच पानांच्या, मुळांच्या किंवा कंदांच्या वाढीत कोणताही अडथळा आणत नाही. मात्र फुलांत परागकण व बीजांडे तयार होताना तो सारी व्यवस्था विस्कटून टाकतो. हळदीला फुले येतात, पण बी क्वचितच धरते, आणि शेतकऱ्याला दरवर्षी कंदच लावावे लागतात, याचे मुख्य कारण या अतिरिक्त संचात आहे.

गुणसूत्रांची मोजणी

हळदीची गुणसूत्रे मोजणे हे नाजूक काम आहे. कांदा किंवा लिली यांची गुणसूत्रे लांब व ठसठशीत असल्यामुळे महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही ती सहज दिसतात. हळदीची गुणसूत्रे त्या मानाने फारच आखूड, ठिपक्यांसारखी दिसणारी आणि संख्येने पुष्कळ. कोवळ्या मुळाचे टोक (मूलाग्र) कापून घेऊन कोल्चिसिनासारख्या रसायनाने पेशीविभाजन मध्येच थांबवतात, नंतर ते ऊतक स्थिर करून रंगवतात आणि काचपट्टीवर दाबून पसरवतात. पेशी नीट पसरली नाही तर दोन गुणसूत्रे एकमेकांवर पडून एकच भासतात. उलट एखाद्या गुणसूत्राचे दोन भाग वेगळे दिसले तर संख्या एकाने वाढते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील निरनिराळ्या अभ्यासांत हळदीसाठी ६२, ६३ व ६४ अशा वेगवेगळ्या संख्या नोंदवल्या गेल्या, त्यामागे ही अडचण असावी. के. रामचंद्रन यांनी १९६१ मध्ये कुर्कुमा प्रजातीतील गुणसूत्रसंख्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हळदीची संख्या ६३ दिली होती. पुढील बहुतेक निरीक्षणांनी तीच संख्या कायम केली.

आता या कामाला प्रवाही पेशीमापन या तंत्राची जोड मिळाली आहे. पेशीकेंद्रांना चकाकणारा रंग लावून ती एकामागून एक प्रकाशझोतासमोरून नेतात आणि प्रत्येकातील डीएनएचे प्रमाण मोजतात. एखादे रोप इतरांपेक्षा एका संचाने मोठे आहे की लहान, हे त्यावरून काही मिनिटांत समजते. एखाद्या गुणसूत्राचा फरक असेल तर मात्र अजूनही सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष मोजणीच करावी लागते.

६३ ही विषम संख्या आहे, आणि तीच पहिली खूण होय. प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार असेल तर एकूण संख्या सम असायला हवी. मनुष्यात ४६, ज्वारीत २०, आल्यात २२. कायिक पेशीतील विषम संख्या पाहिली की गुणसूत्रांच्या जोड्यांत काहीतरी सुटे राहिले आहे असा तर्क करता येतो. अर्थात काही कीटकांत नराला एकच लिंग-गुणसूत्र असल्यामुळेही संख्या विषम होते, परंतु हळदीच्या बाबतीत तो प्रश्न येत नाही.

मूळ संख्या २१ की ७?

हळद त्रिगुणित आहे असे म्हणताना २१ हा एक संच धरलेला असतो. कुर्कुमा प्रजातीचा व्यापक अभ्यास केल्यावर हे चित्र अधिक गुंतागुंतीचे निघाले. भारतातील कुर्कुमा जातींच्या गुणसूत्रसंख्यांचा आणि डीएनए प्रमाणाचा एक मोठा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २२, ४२, ६३, ७७ व १०५ अशा संख्या आढळल्या. २२ चा अपवाद सोडला तर या सर्व संख्यांना ७ ने भाग जातो. म्हणून या प्रजातीची खरी मूळ संख्या ७ असावी, असे मत त्या अभ्यासकांनी मांडले. ते मान्य केले तर ४२ गुणसूत्रांची आंबेहळद षड्गुणित ठरते, आणि हळद नवगुणित.

ही दोन मते एकमेकांना खोडून काढणारी नाहीत. फार प्राचीन काळी ७ च्या संचांची संख्या वाढत जाऊन ४२ गुणसूत्रांच्या वनस्पती निर्माण झाल्या असाव्यात. दीर्घ काळात त्या द्विगुणित वनस्पतींप्रमाणेच वागू लागल्या, म्हणजे त्यांची गुणसूत्रे पुन्हा जोड्यांनी नांदू लागली. अशा वनस्पतीच्या परागकणात २१ गुणसूत्रे जातात आणि तिला बीही धरते. हळदीच्या वर्तनाचा विचार करताना म्हणूनच २१ हा संच धरणे सोयीचे पडते. मात्र या २१ च्या आतही जुन्या प्रती लपलेल्या आहेत, ही गोष्ट पुढे हळदीच्या बियांचा विचार करताना उपयोगी पडते.

तिसऱ्या संचाचा उगम

त्रिगुणित वनस्पती दोन मार्गांनी निर्माण होऊ शकते. पहिल्या मार्गात ४२ गुणसूत्रांच्या वनस्पतीत परागकण किंवा अंडपेशी तयार होताना संख्या निम्मी होण्याची क्रिया चुकते, त्यामुळे ४२ गुणसूत्रांचे युग्मक तयार होते. त्याचा २१ गुणसूत्रांच्या नेहमीच्या युग्मकाशी संयोग झाला की ६३ गुणसूत्रांचे रोप मिळते. दुसऱ्या मार्गात ८४ गुणसूत्रांची चतुर्गुणित वनस्पती आणि ४२ गुणसूत्रांची वनस्पती यांचा संकर होतो. पहिलीकडून ४२ व दुसरीकडून २१ गुणसूत्रे येऊन बेरीज तीच होते. हळद ही दोन जवळच्या जातींच्या संकरातून उद्भवली असावी, असे मत अनेक वनस्पतिशास्त्रज्ञांनी मांडले आहे.

हळद खऱ्या अर्थाने रानटी अवस्थेत कोठेही आढळत नाही. जेथे ती जंगलात उगवलेली दिसते तेथे ती लागवडीतून निसटलेली असते. हे त्रिगुणित स्वरूपाशी सुसंगत आहे. बी न धरणारी वनस्पती स्वतःच्या बळावर दूरवर पसरू शकत नाही. ती एका ठिकाणी कंदांनी वाढत राहते आणि तेथील परिस्थिती बिघडली की नष्ट होते. माणसाने कंद खणून घेतले, पुढच्या गावी नेले, पुन्हा लावले, म्हणूनच तिचा प्रसार आग्नेय आशियापासून आफ्रिकेपर्यंत झाला. भारतीय उपखंडातील तिचा वापर फार जुना आहे, आणि त्या सर्व काळात तिला जपणारा हात माणसाचाच होता.

कायिक पेशींत तिसरा संच का खपतो

वनस्पतीची वाढ होताना पेशी सूत्री विभाजनाने दुभंगतात. या विभाजनात प्रत्येक गुणसूत्राची आधी हुबेहूब प्रत तयार होते आणि मग मूळ व प्रत वेगवेगळ्या बाजूंना जातात. येथे गुणसूत्राला जोडीदाराची गरज नसते. गुणसूत्रे ४२ असोत, ६३ असोत किंवा १०५, प्रत्येक जण स्वतःपुरते दुभंगतो आणि दोन्ही नव्या पेशींना पूर्ण संख्या मिळते. हळदीचा कंद हे जमिनीखाली आडवे वाढणारे खोड (मूलक्षोड) आहे. त्यावरील प्रत्येक डोळा सूत्री विभाजनानेच वाढतो. त्यामुळे डोळ्यातून फुटलेल्या नव्या झाडात ६३ गुणसूत्रे जशीच्या तशी उतरतात, आणि जनुकांचा संचही तोच राहतो. शेतातील एका वाणाची सर्व झाडे म्हणजे एका अर्थाने एकाच झाडाचे तुकडे होत. शास्त्रीय भाषेत त्यांना कृंतक म्हणतात.

येथे एक शंका साहजिक आहे. मनुष्यात २१ व्या क्रमांकाचे एकच गुणसूत्र जास्त आले तरी डाउन लक्षणसमूह उद्भवतो. मग हळदीत २१ गुणसूत्रे जास्त असूनही ती निरोगी कशी? उत्तर प्रमाणात आहे. जनुकांनी घडवलेली प्रथिने एकमेकांशी ठरावीक प्रमाणात काम करतात. एकच गुणसूत्र वाढले तर त्यावरील काहीशे जनुकांचे उत्पादन दीडपट होते आणि बाकीच्यांचे तेवढेच राहते, समतोल बिघडतो. सगळाच संच वाढला तर सर्व जनुके सारख्याच प्रमाणात वाढतात, त्यामुळे परस्परप्रमाण कायम राहते. स्वयंपाकाच्या भाषेत सांगायचे तर आमटीचे सगळे जिन्नस दीडपट घेतले तर आमटीच होते. फक्त मीठ दीडपट घातले तर ती बिघडते. वनस्पती अशी वाढ प्राण्यांपेक्षा बरीच अधिक सहन करतात, आणि गहू, कापूस, ऊस, बटाटा अशी मोठी पिके बहुगुणितच आहेत.

अर्धसूत्री विभाजनातील वर्तन

खरा घोटाळा फुलात होतो. परागकण आणि अंडपेशी तयार होताना गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे अर्धसूत्री विभाजन घडते. त्याच्या सुरुवातीला समजात गुणसूत्रे एकमेकांना शोधतात, लांबीभर चिकटतात, काही तुकड्यांची देवाणघेवाण करतात आणि मग जोडीतील एक इकडे, एक तिकडे अशी विभागली जातात. दोघांची वाटणी सरळ असते. हळदीत प्रत्येक प्रकारची तीन गुणसूत्रे असल्याने तिघांत वाटणी करावी लागते, आणि वाटेकरी मात्र दोनच.

कोणत्याही एका जागी दोनच गुणसूत्रे घट्ट जुळू शकतात. तिसरे गुणसूत्र कधी दुसऱ्या एखाद्या टोकाला त्या जोडीशी जुळते, तेव्हा तिघांचे मिळून त्रिक तयार होते. कधी दोघांची जोडी जमते आणि तिसरे एकाकी राहते. हळदीच्या परागमातृपेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर त्रिके, जोड्या आणि एकाकी गुणसूत्रे अशी सरमिसळ दिसते, आणि तिचे प्रमाण पेशीगणिक बदलते. विभाजनाच्या पुढच्या टप्प्यात त्रिकातील दोन गुणसूत्रे एका ध्रुवाकडे व एक दुसऱ्या ध्रुवाकडे जाते. एकाकी गुणसूत्राला ओढून धरणारा जोडीदार नसल्याने ते मध्येच रेंगाळते. पुष्कळदा ते कोणत्याच केंद्रात सामील होत नाही आणि पेशीत वेगळे सूक्ष्मकेंद्रक बनून अखेर नाहीसे होते.

या वाटणीचा परिणाम साध्या गणिताने समजून घेता येतो. एकही गुणसूत्र हरवत नाही आणि २१ गटांपैकी प्रत्येकातून एका ध्रुवाला एक किंवा दोन गुणसूत्रे निव्वळ योगायोगाने जातात, असे धरू. तर युग्मकातील संख्या २१ ते ४२ यांच्यामध्ये कोठेही असू शकते. बरोबर २१ किंवा बरोबर ४२ येण्यासाठी सर्वच्या सर्व २१ गटांनी एकाच पद्धतीने वाटणी करायला हवी. ही शक्यता सुमारे १० लाख ४८ हजारांत एक एवढी असते. शंभरांपैकी सुमारे ८१ युग्मकांत २९ ते ३४ गुणसूत्रे येतात. म्हणजे काही प्रकारची दोन आणि काही प्रकारची एक. वर सांगितलेला समतोल, जो संपूर्ण झाडात टिकून होता, तो नेमका येथे ढासळतो. असे अनेक परागकण सुरकुततात, रिकामे राहतात आणि रंजकद्रव्य घेत नाहीत. परागनलिका फुटण्याआधीच त्यांचा शेवट होतो.

प्रत्यक्षात वाटणी इतकी निव्वळ योगायोगाची नसते, आणि गुणसूत्रे हरवतातही. तरी या हिशेबावरून एवढे उघड होते की, त्रिगुणित वनस्पतीचे वंध्यत्व हे कुपोषणाचे किंवा हवामानाचे लक्षण नाही. खत-पाणी वाढवून ते दूर होत नाही.

हळदीचे बी आणि त्यातून उगवलेली रोपे

हळदीला बी कधीच धरत नाही, असे पुष्कळ जुन्या पुस्तकांत लिहिलेले आढळते. ते पूर्णपणे खरे नाही. अनुकूल हवामानात काही वाणांच्या फुलोऱ्यांत थोडी फळे धरतात आणि त्यांतून उगवणक्षम बी मिळते. कोझिकोडे येथील भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेने अशा बियांचा पद्धतशीर उपयोग केला आहे.

बियांपासून उगवलेल्या रोपांची गुणसूत्रे मोजल्यावर त्रिगुणित वनस्पतीचे अंतरंग स्पष्ट होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातील संग्रहित वाणांपैकी बहुतेकांत ६३ गुणसूत्रे आढळली, पण एका वाणात ६१ आणि एकात ८४ अशीही नोंद झाली. बीजोत्पन्न रोपांत मात्र ६३ पासून ८४ आणि त्याहून किंचित अधिक अशा संख्या दिसल्या, आणि त्यांत ८४ गुणसूत्रांची रोपे सर्वांत जास्त होती.

८४ हा आकडा लक्षणीय आहे. निव्वळ योगायोग असता तर ३१ व ३२ गुणसूत्रांची युग्मके एकत्र येऊन ६३ च्या आसपासची, पण असंतुलित रोपे सर्वाधिक दिसायला हवी होती. ती दिसत नाहीत, कारण तशी युग्मके किंवा त्यांतून बनलेले गर्भ बहुधा तग धरत नाहीत. ८४ हे चार पूर्ण संच आहेत. ते दोन प्रकारे जमू शकतात : दोन्ही बाजूंनी ४२ आली तर, किंवा अर्धसूत्री विभाजन पूर्णच फसून ६३ गुणसूत्रे जशीच्या तशी राहिलेल्या अंडपेशीला २१ गुणसूत्रांचा परागकण मिळाला तर. कोणत्याही मार्गाने असो, जगणारे रोप हे समतोलाजवळचे असते. बियांची अवस्था ही जणू चाळणी आहे, आणि तिच्यातून पूर्ण संचांचे गर्भच अधिक सुटतात.

तरीही ८४ च्या मागेपुढे एक-दोन गुणसूत्रे कमी-अधिक असलेली रोपेही जगतात. पूर्ण संचाच्या पटीत नसलेल्या अशा संख्येला असमगुणितता म्हणतात. मनुष्यात किंवा ज्वारीसारख्या द्विगुणित पिकात तिचा परिणाम तीव्र असतो. हळदीत तो सौम्य का, याचे उत्तर ७ च्या जुन्या संचांत शोधता येते. प्रत्येक जनुकाच्या आधीच अनेक प्रती असल्याने नऊपैकी किंवा बारापैकी एक प्रत कमी-जास्त झाली तर प्रमाणात पडणारा फरक थोडा असतो. दोनपैकी एक जाणे ही निराळी गोष्ट.

लागवडीतील परिणाम

महाराष्ट्रात हळदीची लागवड अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सुरू होते आणि आठ-नऊ महिन्यांनी पीक काढणीस येते. सांगली जिल्हा ही जुनी बाजारपेठ. मराठवाड्यात हिंगोली, नांदेड, परभणी या जिल्ह्यांत अलीकडच्या काळात क्षेत्र मोठ्या प्रमाणावर वाढले आहे. वर्धा जिल्ह्यातील वायगाव हळदीला २०१६ मध्ये, तर सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या सर्व ठिकाणी पिकणारी हळद बियांवर नव्हे, बेण्यावर वाढते.

तिसऱ्या संचाची किंमत शेतकरी बेण्याच्या रूपाने मोजतो. एक हेक्टर लागवडीसाठी सुमारे २५ क्विंटल बेणे लागते. मुख्य झाडाच्या बुंध्याशी असलेले जेठे गड्डे त्यासाठी उत्तम मानतात. त्यांच्या बगलेत फुटलेले गड्डे व हळकुंडेही वापरली जातात. विकता आला असता असा मालाचा मोठा हिस्सा दरवर्षी पुन्हा जमिनीत घालावा लागतो, आणि काढणीपासून लावणीपर्यंत तो सावलीत, हवेशीर जागी सांभाळावा लागतो. ज्वारीच्या एका कणसातून शेकडो दाणे मिळतात, त्यामुळे नवा वाण दोन-तीन हंगामांत तालुक्याभर पोहोचू शकतो. हळदीत बेणे वर्षाला काही पटींनीच वाढते. नवा वाण चांगला असला तरी तो गावोगावी पोहोचायला बरीच वर्षे जातात.

बेण्याबरोबर रोगही प्रवास करतात. बीजावस्थेत पुष्कळ रोगजंतू मागे राहतात, परंतु कंद म्हणजे आदल्या वर्षीच्या झाडाचाच जिवंत अवयव असल्यामुळे कंदकुजीची बुरशी, कंदमाशीच्या अळ्या आणि सूत्रकृमी त्यातून थेट पुढच्या हंगामात येऊ शकतात. बेणे निवडून घेणे, लावणीपूर्वी बेणेप्रक्रिया करणे आणि त्याच शेतात लागोपाठ हळद न घेणे, यांवर कृषी विद्यापीठे भर देतात ती याच कारणाने. ऊतिसंवर्धनाने तयार केलेली रोपे हा रोगमुक्त बेण्याचा दुसरा मार्ग आहे. त्यातही रोपे सूत्री विभाजनानेच वाढतात, म्हणून गुणसूत्रसंख्या साधारणतः तीच राहते.

अधिक खोलवरचा धोका एकसारखेपणाचा आहे. बियांनी वाढणाऱ्या पिकात प्रत्येक पिढीत जनुकांची नवी फेरजुळणी होते, त्यामुळे एखादा नवा रोग आला तरी काही झाडे तग धरण्याची शक्यता असते. कृंतकात ती फेरजुळणी थांबलेली असते. केळीचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. ३३ गुणसूत्रांची त्रिगुणित केळी ‘ग्रो मिशेल’ ही एके काळी जागतिक व्यापारातील प्रमुख जात होती. पनामा मर रोगाने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मध्य अमेरिकेतील तिच्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि तिची जागा कॅव्हेन्डिश गटातील केळीने घेतली. खानदेशातील आजची बहुतेक केळी याच गटातील आहे, आणि तीही त्रिगुणितच. हळदीची स्थिती एवढी एकेरी नाही. राजापुरी, सेलम, टेकुरपेटा, कृष्णा, वायगाव असे अनेक वाण निरनिराळ्या भागांत टिकून आहेत आणि त्यांच्यात रंग, कंदाचा आकार, कुर्कुमिनचे प्रमाण व रोगप्रतिकार यांचे फरक आहेत. हे फरक शतकानुशतके कायिक पेशींतील उत्परिवर्तनांतून आणि शेतकऱ्यांच्या निवडीतून साठले असावेत. बाजारात एकाच वाणाला भाव मिळू लागला की बाकीचे मागे पडतात, आणि एकदा मोडलेला वाण बियांच्या पेटीतून पुन्हा काढता येत नाही. तो जिवंतच राखावा लागतो. संशोधन केंद्रांवर हळदीचे संग्रह दरवर्षी नव्याने लावून जतन केले जातात ते यासाठीच.

वाणसुधारणेचे मार्ग

संकरातून पैदास हा पीकसुधारणेचा राजमार्ग हळदीत जवळजवळ बंद असल्याने आडवाटा शोधाव्या लागल्या. त्यांतील सर्वांत जुनी म्हणजे कृंतक निवड : उपलब्ध वाणांतील उत्तम झाडे निवडून त्यांचेच बेणे वाढवायचे. सांगलीजवळ कसबे डिग्रज येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हळद संशोधन केंद्र आहे. ‘फुले स्वरूपा’ हा वाण त्या विद्यापीठाचा. दुसरी वाट उत्परिवर्तनाची. तमिळनाडू कृषी विद्यापीठाने इरोडच्या स्थानिक हळदीवर क्ष-किरणांचा प्रयोग करून ‘सीओ १’ व ‘बीएसआर १’ हे वाण मिळवले. तिसरी वाट वर सांगितलेल्या दुर्मीळ बियांची. कोझिकोडे येथील संस्थेने मुक्त परागणातून मिळालेल्या बीजोत्पन्न रोपांतून ‘प्रभा’ व ‘प्रतिभा’ हे वाण निवडले. यांपैकी ‘प्रतिभा’ महाराष्ट्रातही अनेक शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. ज्या वनस्पतीला बी धरत नाही असे समजले जात होते, तिच्या बियांतून निघालेले हे वाण आहेत.

बीजोत्पन्न रोपे उपयोगाची असली तरी त्यांच्याशी काम करणे संथ असते. बी उशिरा रुजते, पहिल्या वर्षी रोपाचे कंद लहान राहतात आणि उत्पादनाची खरी तुलना करण्यासाठी ते बेण्याने पुढे काही हंगाम वाढवावे लागते. एकदा चांगले रोप हाती आले की मात्र त्रिगुणिताची उणीवच उपकारक ठरते. ते रोप कंदांनी कितीही वेळा वाढवले तरी त्याचे गुण फुटत नाहीत. संकरित बाजरीसारखे दरवर्षी नवे बियाणे विकत घेण्याची गरज पडत नाही.

इतर मसाला पिकांशी तुलना

केशराची कथा हळदीशी सर्वाधिक मिळतीजुळती आहे. केशरात ८ च्या तीन संचांची मिळून २४ गुणसूत्रे असतात आणि त्याची लागवडही कंदांनीच होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांनी ग्रीसमधील क्रोकस कार्टराइटियानस ही १६ गुणसूत्रांची रानटी जात केशराची पूर्वज असल्याचे दाखवले. हळदीचा असा निश्चित पूर्वज अजून पुढे आलेला नाही.

सर्व वंध्यत्वाचे खापर तिसऱ्या संचावर फोडणे मात्र चुकीचे ठरेल. हळदीचा सख्खा नातेवाईक असलेले आले २२ गुणसूत्रांचे, म्हणजे द्विगुणित आहे. तरी त्यालाही बी धरत नाही. तेथे संख्या बरोबर असूनही अर्धसूत्री विभाजनात अनियमितता दिसते, आणि गुणसूत्रांच्या रचनेतील फेरफार हे त्याचे एक कारण मानले जाते. त्याच कुलातील वेलदोड्याला ४८ गुणसूत्रे असून तो नियमितपणे बी धरतो. किंबहुना त्याचे बी हाच मसाला.

संपूर्ण संच न वाढता एखादेच गुणसूत्र वाढल्याची उदाहरणेही मसाला पिकांत अभ्यासली गेली आहेत. मेथीत १६ गुणसूत्रे असतात. १७ गुणसूत्रांची, म्हणजे एका प्रकारचे गुणसूत्र तीन वेळा असलेली मेथीची झाडे संशोधकांनी मिळवून तपासली. अशी झाडे पाने, शेंगा व वाढीची ढब यांवरून वेगळी ओळखू येतात, आणि ते अतिरिक्त गुणसूत्र परागकणापेक्षा अंडपेशीतून पुढील पिढीत अधिक वेळा जाते. जास्तीचे गुणसूत्र बाळगणारा परागकण इतरांच्या तुलनेत मागे पडतो, तर अंडपेशीला अशी शर्यत लावावी लागत नाही.

मेथीतच १९६० च्या दशकात भारतीय संशोधकांनी आणखी एका प्रकारच्या अतिरिक्त गुणसूत्रांची नोंद केली, ती म्हणजे ब-गुणसूत्रे. ही नेहमीच्या गुणसूत्रांची प्रत नसतात. ती बहुधा आकाराने लहान असतात, नेहमीच्या गुणसूत्रांशी जोडी जमवत नाहीत, एकाच जातीच्या काही झाडांत असतात व काहींत नसतात, आणि ती नसली तरी झाडाचे काही अडत नाही. मका व राय या पिकांत त्यांचे वर्तन विशेष तपशिलाने माहीत आहे. परागकणातील विभाजनाच्या वेळी ब-गुणसूत्राच्या दोन प्रती विलग न होता एकाच केंद्रात जातात आणि त्यामुळे पुढील पिढीत त्यांची संख्या वाढते. रायमध्ये हे परागकणातील पहिल्या, तर मक्यात दुसऱ्या विभाजनात घडते. संख्या फार वाढली की झाडाची प्रजननक्षमता घटते. हळदीचा तिसरा संच याच्या अगदी उलट वागतो. तो झाडाच्या प्रत्येक पेशीत आहे, त्यातील जनुके इतर दोन संचांइतकीच कामाची आहेत, पण फुलाच्या वाटेने पुढे जाण्याची त्याला जवळजवळ संधीच नाही.

भोपाळ येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये हळदीच्या जनुकसंचाचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला. त्रिगुणित वनस्पतीत प्रत्येक जनुकाच्या तीन किंचित भिन्न प्रती असल्यामुळे वाचलेले डीएनएचे तुकडे नेमक्या कोणत्या प्रतीचे, हे ठरवणे अवघड जाते. तिन्ही संच स्वतंत्रपणे वाचता आले, तर त्यांतील दोन एका पूर्वजाचे आणि एक दुसऱ्याचा आहे, की तिन्ही एकाच जातीतून आले आहेत, हे त्यांच्यातील साम्य-भेदांवरून थेट तपासता येते.